वर्गणीतून भिंत उभी राहते, पगार नाही

पौषात स्वामी विवेकानंदांच्या जयंतीला हिवरा आश्रमात लाखाच्या वर माणसं पंगतीला बसतात. मेहकर तालुक्यातलं, बुलडाणा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाकडचं हे गाव. मोकळ्या रानात दूरवर रांगा लागतात आणि पुरी आणि वांग्याची भाजी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून वाढायला येते. बघता बघता सगळा समुदाय जेवून उठतो. वऱ्हाडातल्या माणसाला वर्गणी कशी गोळा करावी आणि हात कसे जमवावेत, हे शिकवावं लागत नाही.

हे गाव ज्यांच्यामुळे 'आश्रम' झालं ते शुकदास महाराज २०१७ साली गेले. त्याच वर्षी ९१ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथं भरणार असं जाहीर झालं, महाराजांच्या उपचारपद्धतीवरून अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी आक्षेप घेतले, आश्रमानं यजमानपद सोडलं आणि संमेलन बडोद्याला गेलं. गावाचं नाव आठवडाभर वर्तमानपत्रांत होतं. त्या गदारोळात एका गोष्टीकडे फारसं कुणी पाहिलं नाही. १९६० च्या दशकात सुरू झालेल्या या आश्रमानं कोरडवाहू मुलखात विवेकानंद विद्या मंदिर काढलं, पुढे कनिष्ठ महाविद्यालय, कृषी महाविद्यालय काढलं. रुग्णसेवा आणि शाळा, या दोन गोष्टींवर त्याचा लौकिक उभा आहे. अशा शाळा वऱ्हाडात काही एकट्या हिवऱ्यानं काढल्या नाहीत. कुठं महाराजांनी, कुठं एखाद्या पाटलानं, कुठं गावच्या तरण्या पोरांनी मंडळ नोंदवून त्या काढल्या. जागा दानात मिळाली, टिनं वर्गणीतून आली, पहिला वर्ग मारुतीच्या पारावर भरला.

पण वर्गणीची एक मर्यादा आहे. वर्गणीतून खोली बांधता येते, पंगत उठवता येते, एक वेळ घंटाही विकत घेता येते. मास्तरचा पगार मात्र दर महिन्याच्या एक तारखेला लागतो, तो तीस वर्षं लागतो, आणि दुष्काळात जास्तच लागतो. महाराष्ट्रातल्या शाळांच्या पैशाचा सगळा इतिहास या एका आवर्ती खर्चाभोवती फिरतो. तो कुणी द्यायचा, किती द्यायचा आणि देण्याआधी किती वर्षं वाट पाहायला लावायची, यावरच दीडशे वर्षं भांडण चाललं आहे.

या भांडणातला पहिला मोठा मराठी जबाब १९ ऑक्टोबर १८८२ चा आहे. विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालचं शिक्षण कमिशन पुण्यात आलं आणि जोतीराव फुले यांनी त्यापुढं लेखी निवेदन ठेवलं. फुले ठेकेदारी केलेले, हिशेब जाणणारे गृहस्थ होते. त्यांनी विद्येचं माहात्म्य सांगण्यात वेळ घालवला नाही, थेट जमाखर्चाला हात घातला. सरकारचा महसूल येतो कुठून? रयतेकडून. शिक्षणावर तो खर्च होतो कुणासाठी? वरच्या वर्गांच्या कॉलेजांसाठी. मुंबई इलाख्यात १८६० च्या दशकापासून जमीन महसुलाच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड वसूल होई आणि त्यातला तिसरा हिस्सा शिक्षणाला मिळे. फुल्यांची मागणी अशी, की या फंडाचा निदान अर्धा भाग केवळ प्राथमिक शाळांना द्या, बारा वर्षांपर्यंतचं शिक्षण सक्तीचं करा, आणि शिकाऊ नव्हे तर तयार झालेल्या शिक्षकाला महिना १२ रुपयांपेक्षा कमी पगार देऊ नका. मोठ्या गावांत १५ ते २० द्या.

तो १२ रुपयांचा आकडा मला सगळ्या निवेदनात महत्त्वाचा वाटतो. थोर माणसांच्या चरित्रांत तो सहसा गाळला जातो, कारण त्याला भाषणात टाळ्या मिळत नाहीत. पण 'शिक्षण द्या' म्हणणारे पुष्कळ होते, 'मास्तरला इतके रुपये द्या' असं लिहून देणारे थोडे. हंटर कमिशननं प्राथमिक शाळा स्थानिक मंडळांच्या गळ्यात बांधल्या, सरकारनं पूरक मदत द्यावी असं म्हटलं आणि वरच्या शाळा-कॉलेजांसाठी खासगी संस्थांना अनुदान हा मार्ग पक्का केला. १८५४ च्या वुडच्या खलित्यात पेरलेलं अनुदानाचं बी असं रुजलं. आज आपण 'अनुदानित शाळा' म्हणतो ती चीज तिथून आली.

त्या काळी अनुदान द्यायची एक रीत होती, तिची आठवण पुढं कामाला येईल. वर्षातून एकदा इन्स्पेक्टर शाळेत येई, मुलांची परीक्षा घेई आणि जितकी पोरं पास, तितके पैसे देई. निकालावर पैसे. परिणाम जो व्हायचा तोच झाला. मास्तर हुशार पोरांना घोटून घेत, मठ्ठ पोरांकडे काणाडोळा करीत, आणि साहेबाच्या भेटीच्या दिवशी सगळी शाळा धोतर-टोपी नीट करून बसे. विसाव्या शतकाच्या आरंभी, कर्झनच्या कारकिर्दीत ती पद्धत मोडीत निघाली. सवय मात्र गेली नाही. आधी तुम्ही सिद्ध करा, मग आम्ही पैशाचं बघू, ही ती सवय.

वऱ्हाडची गोष्ट मुंबई इलाख्यापेक्षा निराळी होती, आणि पैशाच्या बाबतीत अधिक कडू. १८५३ च्या तहानं निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं ते हैदराबाद कंटिंजंट या फौजेचा खर्च भागवण्यासाठी. म्हणजे मेहकरच्या शेतकऱ्यानं भरलेल्या साऱ्यावर पहिला हक्क पलटणीचा होता, शाळेचा नंतर. स्वतंत्र शिक्षण खातं सुरू व्हायला १८६६ उजाडलं. त्याच दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे आणि रेल्वेमुळे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, महसूल वाढला, तरी हिशेब वऱ्हाडच्या बाहेरच होत राहिला. १९०२ च्या करारानं वऱ्हाड कायमच्या पट्ट्यावर इंग्रजांकडे गेलं. निजामाला सालाना २५ लाख रुपये ठरले. दुसऱ्या वर्षी ते मध्य प्रांताला जोडलं गेलं आणि नवी तक्रार सुरू झाली: वऱ्हाडचा पैसा नागपूर-जबलपूरकडे जातो. तक्रार इतकी खरी होती, की १९२० च्या दशकात सिम समितीला वाटणीचं सूत्र काढावं लागलं. विभागून द्यायच्या खर्चातला ४० टक्के हिस्सा वऱ्हाडला, असा तो 'सिम फॉर्म्युला'. जुन्या वऱ्हाडी पुढाऱ्यांच्या तोंडी हा शब्द मंत्रासारखा असे.

याच काळात दोन मराठी माणसांनी शाळेच्या खर्चाचा प्रश्न दोन टोकांकडून हाताळला. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी मार्च १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. त्यात खर्चाची वाटणीही होती: दोन हिस्से सरकारचे, एक स्थानिक संस्थेचा. विधेयक वर्षभरानं ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. सरकारला खर्च नको होता आणि काही जमीनदारांना गडी-माणसांची पोरं शाळेत जायला नको होती. शाहू महाराजांना कायदेमंडळाची परवानगी लागत नव्हती. १९१७ साली त्यांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्यासाठी सालाना लाखभर रुपये काढून ठेवले आणि पोराला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड ठेवला. आधी तरतूद, मग हुकूम. आपल्याकडे हा क्रम पुढे उलटा झाला.

वऱ्हाडात हे काम पंजाबराव देशमुखांनी अंगावर घेतलं. ते १९३० ते १९३३ या काळात मध्य प्रांत-वऱ्हाडचे शिक्षणमंत्री होते, आणि त्याच सुमारास त्यांनी अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. कुणब्या-माळ्याच्या पोरांसाठी हायस्कुलं निघाली, ती बुलडाणा जिल्ह्यातही पसरली. मंत्र्यालासुद्धा शाळा काढायला संस्था काढावी लागते, यातच सरकारी शिक्षणाची तेव्हाची अवस्था कळते.

मग महाराष्ट्र आला. येताना करार घेऊन आला. १९५३ च्या नागपूर कराराप्रमाणं पैशाची वाटणी लोकसंख्येच्या प्रमाणात व्हायची होती, व्यावसायिक आणि शास्त्रीय शिक्षणाच्या जागाही त्याच प्रमाणात. त्याआधीच, १९५९ साली, यशवंतराव चव्हाण द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री असताना, 'ईबीसी' सवलत सुरू झाली. वर्षाला ९०० रुपयांच्या आत उत्पन्न असणाऱ्या घरातल्या मुलांची फी सरकार भरू लागलं. पुढे मर्यादा १,२०० केली. या एका निर्णयानं खेड्यातलं हायस्कूल चालू शकेल असं झालं. आधी फी देणारी पोरं नव्हती म्हणून शाळा नव्हती. आता पोरं येतील आणि फी सरकारकडून येईल, अशी खात्री झाली. १ मे १९६२ पासून प्राथमिक शाळा जिल्हा परिषदांकडे गेल्या. पाचवीच्या पुढचं रान खासगी संस्थांना मोकळं राहिलं, आणि संस्था उगवल्याही भराभर. हिवरा आश्रमाची सुरुवात याच हंगामातली.

या शाळांत सुरुवातीला नोकरी केलेले लोक आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांना विचारा. सही एका आकड्यावर आणि हातात दुसराच, हा त्या काळचा अनेक ठिकाणचा रिवाज. 'संस्थेला देणगी' असं त्याचं गोंडस नाव होतं. पगाराचं अनुदान पूर्ण झालं, पगार बँकेतून व्हायला लागला आणि १९७७ च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्यानं सेवाशर्तींना आधार मिळाला, तेव्हा कुठं खेड्यातल्या हायस्कूलचा शिक्षक ताठ मानेनं घर बांधू लागला. साधारण १९७५ ते २००० हा काळ मराठी शाळेच्या दृष्टीनं सुगीचा म्हणावा लागेल. त्यातही चोरी होती, भरतीत पैसे घेतले जात होते, हे सगळं मान्य. तरी वेळेवर पगार मिळणारा शिक्षक गावात राहत होता आणि त्याच्या हाताखालून गेलेली पोरं डॉक्टर, तलाठी, फौजदार होत होती.

पैसा राज्यभर सारखा पोचत होता का? नाही. १९८३ साली सरकारनं वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. अर्थशास्त्रज्ञ माणूस, त्यांनी भावनेला बाजूला ठेवून जिल्हावार मोजणी केली. रस्ते, सिंचन, वीज, आरोग्य अशी नऊ क्षेत्रं घेतली, त्यांत सामान्य शिक्षण होतं, तंत्रशिक्षणही होतं. राज्याच्या सरासरीच्या खाली जो जिल्हा, त्याची तूट म्हणजे अनुशेष. १९८४ च्या अहवालात एकूण अनुशेष निघाला ३,१८६ कोटींचा, त्यातला ३९ टक्क्यांहून थोडा अधिक विदर्भाचा. 'अनुशेष' हा शब्द विदर्भातल्या चहाच्या टपरीवर पोचला तो तेव्हापासून. पण त्या बेरजेत सिंचनाचा आकडा इतका मोठा होता, की पुढची सगळी भांडणं धरणांवर झाली. शाळांचा अनुशेष त्या गर्दीत मागं पडला. १९९४ साली विदर्भ वैधानिक विकास मंडळ आलं. राज्यपालांचे निर्देश आले. ३० एप्रिल २०२० रोजी मंडळाची मुदत संपली.

आता या कथेतला सर्वांत वाईट भाग. पाचव्या वेतन आयोगानं राज्याच्या तिजोरीवर भार पडला आणि सरकारनं शाळेच्या आवर्ती खर्चाकडे कात्री वळवली. २००० साली शिक्षणसेवक योजना आली. प्राथमिकच्या शिक्षकाला तीन वर्षं महिना ३,००० रुपये मानधन; पूर्ण पात्रता, पूर्ण काम, पगार मात्र नाही. हे मानधन १६,००० व्हायला २०२३ साल लागलं. २४ नोव्हेंबर २००१ च्या शासन निर्णयानं यापुढच्या खासगी शाळा 'कायम विनाअनुदान' तत्त्वावरच, असं ठरलं. सरकार शाळेला मान्यता देणार, तपासणी करणार, बोर्डाच्या परीक्षेला बसवणार, आणि शिक्षकाला पैसा देणार नाही. शहरातल्या इंग्रजी शाळेला याचं काही वाटलं नाही, तिची फी तयार होती. मेहकर, लोणार, सिंदखेडराजाच्या खेड्यात फी कोण देणार? मराठी माध्यमाच्या शाळा निघतच राहिल्या, कारण पोरं होती, आणि बी.एड. झालेले तरुण तिथं लागत राहिले, कारण दुसरी नोकरी नव्हती. कधी तरी अनुदान येईल या आशेवर. कुणी शिकवणी घेतली, कुणी बायकोच्या शिलाईवर घर चालवलं, कुणी सुट्टीत सोयाबीन काढायला मजुरीनं गेलं. ज्या वर्गात 'श्रमाचं मोल' शिकवायचं तिथंच हे चाललं होतं.

२० जुलै २००९ रोजी 'कायम' हा शब्द काढला गेला. उच्च माध्यमिकसाठी तो निघायला २०१४ साल उजाडलं. शब्द गेला म्हणून पैसा आला नाही. आधी मूल्यांकन. इमारत, पट, निकाल, आरक्षणाची बिंदुनामावली, सगळ्याला गुण. फायली पुण्याला, पुण्याहून मंत्रालयात. पात्र यादी 'घोषित', आणि घोषित होऊनही पैसा नाही, तेव्हा ती 'अघोषित'पेक्षा बरी इतकंच. सप्टेंबर २०१६ मध्ये १,६२८ शाळा आणि २,४५२ तुकड्यांना अनुदान मंजूर झालं. किती? २० टक्के. पुढचे २० मिळायला पुन्हा आंदोलन. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये औरंगाबादला मंत्रिमंडळाची बैठक होती, तिथं आलेल्या विनाअनुदानित शिक्षकांवर लाठ्या पडल्या. २०२३ साली अनुदानाच्या अशा टप्प्यांसाठी १,१६० कोटींची तरतूद झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, आणखी एक टप्पा जाहीर झाला, पण पैसा ठेवला नाही. जुलै २०२५ च्या पावसात ते शिक्षक आझाद मैदानावर बसले होते. कित्येकांचे केस पिकले होते, निवृत्ती दिसत होती. राज्यभरातले पुढारी चिखल तुडवत भेटीला आले, मंत्र्यांनी निधीचा शब्द दिला आणि मैदान रिकामं झालं.

सरकारची बाजू नाही असं नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये तीन दिवस सबंध राज्यात एकदम पटपडताळणी झाली, पोरांच्या बोटांना मतदानासारखी शाई लावली, आणि लाखो विद्यार्थी फक्त कागदावर आहेत असं उघड झालं. नसलेल्या पोरांच्या नावानं तुकड्या, तुकड्यांच्या नावानं पदं, पदांच्या नावानं पगार. ही लूट संस्थाचालकांची होती, आणि बऱ्याच ठिकाणी संस्थाचालक म्हणजे स्थानिक आमदार किंवा त्याचा चुलता होता. डोक्यावर पैसा दिला की डोकी फुगतात, हे इन्स्पेक्टरच्या जमान्यातही कळलं होतं. पण पकडायचं होतं चोराला. आणि शिक्षा झाली ती ज्याच्या वर्गात खरीखुरी साठ पोरं बसली होती त्या मास्तरला. मला इथं सरकारची चलाखी दिसते. भ्रष्टाचाराचा बोभाटा झाला की खर्च टाळायला नैतिक कारण मिळतं.

पगाराच्या पलीकडचा खर्च तर कुणी धड बघतच नाही. अनुदानित शाळांचं वेतनेतर अनुदान, म्हणजे खडू, वीज, डागडुजी, प्रयोगशाळा यांचा पैसा, २००४ पासून बंद होतं. २०१३ साली ते वेतनाच्या ५ टक्के दरानं परत सुरू झालं. जिल्हा परिषदेच्या शाळेचा हिशेब आणखी सोपा. समग्र शिक्षा योजनेत पट ३० पर्यंत असेल तर शाळेला वर्षाला संयुक्त अनुदान १०,००० रुपये. त्यातला दहावा भाग स्वच्छतेवर खर्चायचा. उरले ९,०००. महिन्याला साडेसातशे. त्यात वीजबिल, रजिस्टरं, झाडू, फिनेल, नळाची तोटी, झेंडावंदनाचा दोर. तीस पोरांची शाळा आणि तीनशे पोरांची शाळा, दोन्हींच्याही छताला पाऊस सारखाच लागतो. अनुदान मात्र पटावर. मेहकरच्या आसपासच्या लहान वाड्या-तांड्यांवरच्या शाळा या हिशेबात कायम खालच्या रांगेत बसतात.

तूट भरायला सरकारनं पुन्हा वर्गणीचाच रस्ता दाखवला आहे. सप्टेंबर २०२३ च्या 'दत्तक शाळा' योजनेत देणगीदारानं ग्रामीण शाळा पाच वर्षांसाठी घ्यायची तर ५० लाख रुपये, दहा वर्षांसाठी १ कोटी, आणि इच्छा असल्यास शाळेला त्याचं नाव. ज्या गावांनी जागा फुकट दिल्या, मुरूम टाकला, भिंती बांधल्या, त्यांच्या शाळांवर आता पाच वर्षांच्या बोलीनं कंपनीची पाटी लागणार. आणि त्या पैशातूनही पगार द्यायचा नाहीच; इमारत, साहित्य, संगणक, हेच.

कोठारी आयोगानं १९६६ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च व्हावेत असं सुचवलं, १९६८ च्या राष्ट्रीय धोरणानं ते स्वीकारलं आणि २०२० च्या धोरणानं पुन्हा लिहिलं. तो आकडा आजवर एकाही वर्षी गाठलेला नाही. दिल्लीचं दिल्लीत राहू द्या. राज्याच्या अर्थसंकल्पापुढं मागणी अगदी छोटी आहे. ज्या दिवशी टप्पा जाहीर कराल त्याच दिवशी त्याची तरतूद दाखवा, मूल्यांकनाला मुदत घाला, आणि पट खोटा निघाला तर संस्थाचालकाला धरा, शिक्षकाला नाही. आणि वाचकहो, शिक्षण हक्क कायद्यानं तुमच्या गावच्या शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे, त्या समितीत निम्म्याहून अधिक पालक असतात. पुढच्या बैठकीला जा, वर्षाचं अनुदान किती आलं, कधी आलं आणि कुठं गेलं ते रजिस्टरमधून वाचून दाखवायला सांगा.